मध्य प्रदेशच्या क्रिकेट संघावर जीव असणाऱ्यांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरची, रामबागेत वाढलेली. सातवीत असताना बाबांनी मला स्कोअर लिहायला शिकवलं आणि तेव्हापासून मध्य प्रदेशचा संघ घरातल्या माणसासारखा माझ्याबरोबर आहे. शेजारी, ऑफिसातले सहकारी, सासरची मंडळी, लेकीच्या मैत्रिणी, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. घाईत दिलेली उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून एकदा नीट बसून लिहिली.

आयपीएल असताना रणजी कोण बघतं?

आम्ही बघतो. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर रणजीचा, म्हणजे राज्याराज्यांच्या संघांमधल्या स्पर्धेचा, सामना असतो तेव्हा बहुतेक खुर्च्या रिकाम्या असतात हे खरं. पण त्या शांततेत बॅटच्या मधोमध बसलेल्या चेंडूचा आवाज वेगळा आणि कडेला लागलेल्याचा वेगळा, हे प्रेक्षकात बसून ऐकू येतं. यष्टिरक्षक गोलंदाजाला काय ओरडून सांगतोय तेही कळतं. सकाळी ताजातवाना आलेला गोलंदाज दुपारी चारला पाय ओढत रनअपच्या टोकाशी परत जातो आणि तरी चेंडू टाकतो, हे टीव्हीवर दिसत नाही.

आयपीएल मीही बघते. 3 जून 2025 ला अहमदाबादेत बेंगळुरूचा संघ पहिल्यांदा आयपीएल जिंकला, कप्तान रजत पाटीदार, आणि रजत आमच्या इंदूरचा. त्या रात्री मला रडू आवरलं नाही. पण आयपीएलचा खेळाडू लिलावात आज या गावचा, उद्या त्या गावचा. रणजीचा संघ मातीला बांधलेला असतो. देवेंद्र बुंदेला मध्य प्रदेशाकडून रणजीचे सव्वाशेहून जास्त सामने खेळला, कित्येक वर्षं कप्तान राहिला, 2018 मध्ये निवृत्त झाला. भारताकडून त्याला एकही सामना मिळाला नाही. रणजी न बघणाऱ्याला हा माणूस कधी कळणारच नाही, आणि याची मला मनापासून हळहळ वाटते.

सामना अनिर्णित राहतो, तरी एक संघ पुढे जातो. हे कसं?

पहिल्या डावातल्या आघाडीमुळे. साखळी सामने चार दिवसांचे. निर्विवाद जिंकलात तर 6 गुण, डावानं किंवा दहा गडी राखून जिंकलात तर वर आणखी एक. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला 3 आणि दुसऱ्याला 1. बाद फेरीत सामना पाच दिवसांचा, आणि तोही अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात पुढे असलेला संघ जिंकला असं धरतात. हा नियम नीट ध्यानात ठेवा. पुढचं उत्तर त्याशिवाय समजणार नाही.

सगळ्यात जास्त कुठला पराभव लागला?

1999 च्या उन्हाळ्यातला. रणजीची अंतिम फेरी, बेंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम, समोर कर्नाटक. कर्नाटक 304, आपण 379. म्हणजे 75 धावांची आघाडी. आता सामना अनिर्णित राहिला तरी रणजी करंडक आपला. कर्नाटकनं दुसऱ्या डावात 321 केल्या आणि आपल्यासमोर 247 चं लक्ष्य आलं. त्या धावा करायची गरज नव्हती. शेवटच्या दिवशी नुसतं टिकून राहायचं होतं.

तेव्हा घरी लँडलाइन होता. बाबा एका ओळखीच्या वार्ताहराला तासातासाला फोन करायचे आणि येऊन वहीत आकडा लिहायचे. ती वही अजून माझ्याकडे आहे: लांबट, निळ्या कापडी पुठ्ठ्याची. दर षटकाला एक चौकोन आणि त्यात टिंबं. निर्धाव षटक गेलं तर सहा टिंबं जोडून इंग्रजी एम काढायचा, त्यात विकेट पडली असेल तर एमच्या जागी डब्ल्यू. पण त्या दिवशी फोनवर फक्त धावा आणि विकेटा कळत होत्या, त्यामुळे पानावर चौकोन रिकामे आणि कडेला आकड्यांची उतरंड. विजय भारद्वाजच्या फिरकीनं सहा जण टिपले. 150 सर्वबाद. 96 धावांनी हार.

बाबांनी 150 लिहिलं, पट्टी घेतली, खाली रेघ मारली आणि पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली. जेवायला बसले, काही बोलले नाहीत. आईनं वाढलेली आमटी तशीच राहिली. मी तेव्हा मोठी होते, मला सगळं कळत होतं, आणि तरी त्यांच्या शेजारी बसण्यापलीकडे काय करावं ते सुचलं नाही.

त्या संघाचा कप्तान चंद्रकांत पंडित. हे नाव पुन्हा येणार आहे.

तुम्ही मराठी. मग मुंबईच्या बाजूनं का नाही?

हा प्रश्न पुण्यामुंबईचे पाहुणे हमखास विचारतात. आमच्या घराण्याला इंदुरात पाच पिढ्या झाल्या. घरात मराठी, अंगणात हिंदी, सकाळी पोह्यांवर जीरावन आणि शेव. भाषा जिथली असेल तिथली, माणसाचा संघ तो जिथे वाढला तिथला. मुंबईच्या क्रिकेटबद्दल मला आदर आहे आणि मुंबईशी हरल्यावर तो थोडा जास्तच जाणवतो, पण मुंबई जिंकावी असं आयुष्यात एकदाही वाटलं नाही.

आणि मराठी माणसाला इंदुराकडून अभिमान वाटावा असं थोडं का आहे! होळकरांच्या संघात चंदू सरवटे होते. भारताच्या 1946 च्या इंग्लंड दौऱ्यात ओव्हलवर सरे या तिथल्या संघाविरुद्ध सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी शेवटच्या गड्यासाठी 249 धावा जोडल्या. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी! भाऊसाहेब निंबाळकरही होळकरांकडून खेळले. मराठी माणसानं मुंबईच्या बाहेर कुठे नाव काढलं, हे ज्याला बघायचं असेल त्यानं होळकरांचा इतिहास वाचावा.

होळकर संघ म्हणजे नक्की काय?

आजच्या मध्य प्रदेश संघाचा पूर्वज. यशवंतराव होळकरांच्या आश्रयानं उभा राहिला. भारताचे पहिले कसोटी कप्तान सी. के. नायडू इथले झाले, आणि परदेशात कसोटी शतक ठोकणारे पहिले भारतीय, 1936 मध्ये मँचेस्टरला 112 धावा करणारे मुश्ताक अली, हे तर जन्मानंच इंदूरचे. 1944-45 ते 1954-55 या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा रणजीच्या अंतिम फेरीत गेला. चारदा जिंकला: 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53.

त्यातल्या पहिल्या विजयाच्या हंगामात इंदुरात म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912 वर डाव घोषित केला आणि एका डावात सहा जणांनी शतकं केली. त्याच्या आदल्या वर्षीची अंतिम फेरी तर मला पाठ आहे. महायुद्धामुळे महूच्या छावणीत आलेला डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला. मुंबईनं 867 चं लक्ष्य दिलं होतं. कॉम्प्टन 249 वर नाबाद राहिला, संघ 492 वर आटोपला. हरले, पण आजोबा त्या 249 धावा जणू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारख्या सांगत.

बडोद्याच्या नातेवाइकांशी तुमचं जमतं का?

जमतं, फक्त 577 हा आकडा काढायचा नाही. मार्च 1947, बडोद्यात अंतिम फेरी, बडोदा विरुद्ध होळकर. बडोद्याचे तीन गडी 91 ला गेले होते. मग विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी 577 धावांची भागी केली. हजारे 288, गुल महंमद 319. बडोदा 784, होळकर 202 आणि 173. एक डाव आणि 409 धावांनी पराभव. कुठल्याही गड्यासाठीचा तो जागतिक विक्रम 2006 पर्यंत, जयवर्धने आणि संगकारांनी 624 करेपर्यंत, टिकला. आमच्या बडोद्याच्या आत्येचे यजमान दिवाळीला फोन केला की शुभेच्छांच्या आधी हा आकडा म्हणतात. मी उत्तरात "1945-46" म्हणते. त्या वर्षी अंतिम फेरीत आम्ही बडोद्याला हरवलं होतं.

मग आनंदाचा दिवस कुठला?

26 जून 2022, रविवार. तेच चिन्नास्वामी स्टेडियम. समोर मुंबई, तोवर 41 वेळा रणजी जिंकलेली. आपला प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, जो स्वतः मुंबईचा आणि 1999 ला याच मैदानावर आपला हरलेला कप्तान. मुंबईनं 374 केल्या, त्यात सर्फराज खानच्या 134. मग आपल्या तिघांनी शतकं केली: यश दुबे 133, शुभम शर्मा 116, रजत पाटीदार 122. एकूण 536, आघाडी 162 ची.

आघाडी मिळाली त्या क्षणी बहिणीनं फोन करून "जिंकलो!" म्हटलं. मी तिला गप्प केलं. आमच्या घरात 1999 नंतर आघाडीच्या जिवावर कोणी आनंद करत नाही. पाचव्या दिवशी मुंबई 269 ला आटोपली आणि 108 धावा हव्या होत्या. चार गडी गेले, प्रत्येक विकेटला पोटात खड्डा पडला, आणि मग झालं. सहा गडी राखून.

पंडित मैदानावर रडत होते. माझ्या समोर बाबांची वही उघडी होती. बाबा 2016 मध्ये गेले. मी त्यांच्या 1999 च्या पानानंतरची कोरी पानं सोडून शेवटच्या पानावर तो सगळा डाव चेंडूगणिक लिहिला. विजयाचा चौकोन भरताना हात इतका थरथरला की त्यातलं टिंब नीट आलंच नाही, नुसती एक छोटी रेघ आहे. ती मी खोडली नाही.

संध्याकाळी मी, बहीण आणि लेक राजवाड्यावर गेलो. भारत जिंकतो तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी नेहमीची रविवारची वर्दळ होती. आम्ही जिलेबी घेतली आणि ओळखीच्या-अनोळखीच्या लोकांना वाटली. एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "कशाची?" मी सांगितलं. त्यांनी जिलेबीचा तुकडा हातातच धरला आणि म्हणाले, "माझे वडील होळकर बघायचे." तिथेच उभ्याउभ्या आम्ही अर्धा तास बोललो.

त्यानंतर पुन्हा जिंकलात का?

हे लिहिते आहे तोवर नाही. 2023 ची उपांत्य फेरी इंदुरातच होती आणि बंगालनं 306 धावांनी हरवलं. 2024 ला नागपुरात विदर्भाकडून 62 धावांनी गेलो. त्याच वर्षी डिसेंबरात मुश्ताक अली ट्रॉफीची, म्हणजे राज्यसंघांच्या वीस-वीस षटकांच्या स्पर्धेची, अंतिम फेरी, पुन्हा बेंगळुरू, पुन्हा मुंबई. रजतनं 40 चेंडूंत नाबाद 81 केल्या, तरी पाच गडी राखून मुंबई जिंकली.

भारताच्या सामन्याचं तिकीट मिळतं का?

कष्टानं. सुमारे तीस हजारांचं मैदान, आणि सगळ्या माळव्याला यायचं असतं. एकदा ऑनलाइन विक्री सुरू झाली त्या मिनिटाला मी, नवरा आणि दीर तीन फोन घेऊन बसलो. पैसे खात्यातून गेले, तिकीट आलं नाही. पैसे परत मिळायला दोन आठवडे लागले, सामना तोवर होऊनही गेला. खरा चाहता स्क्रीनवरच्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसतो आणि ज्याला खेळात रस नाही त्याला ओळखीवर पास मिळतो. मला याचा संताप येतो आणि तो मी लपवणार नाही.

कसोटीची तिकिटं मात्र मिळतात. मार्च 2023 ला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीची मी शनिवारची, म्हणजे चौथ्या दिवसाची काढली होती, कारण आठवडाभर सुट्टी मिळत नव्हती. पहिल्या दिवशी भारत 109 ला आटोपला, दुसऱ्या डावात नेथन लायननं आठ बळी घेतले आणि शुक्रवारी सकाळच्या सत्रातच ऑस्ट्रेलिया नऊ गडी राखून जिंकला. शनिवारी सकाळी मी तरीही स्टेडियमपर्यंत चालत गेले. फाटक बंद होतं. आता सल्ला विचाराल तर पहिल्या दिवसाचं तिकीट काढा आणि रजा टाका.

सेहवागचे 219 तुम्ही प्रत्यक्ष पाहिले?

8 डिसेंबर 2011. हो. पाचवा महिना होता, सासूबाई सोडायला तयार नव्हत्या, शेवटी नणंद बरोबर आली. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधली पहिली दोन द्विशतकं मध्य प्रदेशातच झाली: सचिनच्या नाबाद 200 ग्वाल्हेरला, 24 फेब्रुवारी 2010, आणि सेहवागच्या 219 इथे. दोन्ही सामने भारतानं 153 धावांनीच जिंकले. माझ्या वहीत हे दोन 153 समोरासमोरच्या पानांवर आहेत.

लग्नकार्य आणि सामना एकाच दिवशी आला तर?

लग्नाला जायचं. बाबाही जायचे. स्कोअर नंतर वर्तमानपत्रातून भरून काढता येतो, चुलतभावाचं लग्न पुन्हा लागत नाही. मात्र मंगलकार्यालयात फोन बघितला तर कोणी रागावू नये, एवढी माझी विनंती आहे.

हरल्यावर घरच्यांनी काय करावं?

"खेळच आहे" म्हणू नये. चहा द्यावा, तासभर एकटं सोडावं. माझा नवरा क्रिकेट बघत नाही, पण हरलो की तो न विचारता जेवणाची ताटं घेतो आणि लेकीला अभ्यासाला बसवतो. याहून मोठा आधार मला माहीत नाही.

मुलांना गोडी लावावी का? उगाच दुःख पदरात टाकायचं?

हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आहे. 19 ऑक्टोबर 2025 ला, दिवाळीच्या तोंडावर, महिला विश्वचषकात भारत विरुद्ध इंग्लंड हा सामना होळकर स्टेडियमवर होता. लेक तेरा वर्षांची, तिचा मैदानावरचा पहिला मोठा सामना. लक्ष्य 289. स्मृती मानधना 88 वर गेली तेव्हाही सामना हातात होता. मग तो सुटत गेला. 6 बाद 284. चार धावांनी हार.

ती खुर्चीतून उठेना. माणसं पायऱ्या उतरत होती, दिवे सुरू होते, आणि तिनं माझ्या बाहीत तोंड खुपसलं होतं. मी तिला सांगितलं की दीड वर्षापूर्वी याच मैदानावर मध्य प्रदेशनं आंध्रला रणजीच्या उपांत्यपूर्व फेरीत चार धावांनी हरवलं होतं. आंध्रला 170 हव्या होत्या, 165 ला गारद, अनुभव अगरवालनं सहा बळी घेतले. त्या दिवशी मी एकटी आले होते आणि कुणा अनोळखी बाईंच्या गळ्यात पडले होते. ती म्हणाली, "म्हणजे त्या चार या चारांत गेल्या?" मी म्हटलं, नाही गं, त्या आपल्याच आहेत.

दोन आठवड्यांनी, 2 नोव्हेंबरला, नवी मुंबईत भारत जगज्जेता झाला. त्या संघात आपल्या छतरपूर जिल्ह्यातली क्रांती गौड होती. लेकीनं तो सामना स्वतः लिहिला. पहिल्या पाच षटकांत चुका केल्या, मग सरावली. गोडी लावावी की नाही याचं उत्तर आता माझ्या हातात राहिलेलं नाही.

गर्दीत जायची भीती वाटत नाही?

वाटते. 4 जून 2025 ला चिन्नास्वामीबाहेर आयपीएल विजयाच्या सोहळ्यात चेंगराचेंगरी होऊन 11 जण गेले. ज्या मैदानावर आम्ही 1999 ला हरलो आणि 2022 ला जिंकलो, त्याच्याच फाटकाबाहेर. ती माणसं माझ्यासारखीच होती, संघाला डोळे भरून बघायला आलेली. तेव्हापासून मोठ्या सामन्याला मी दोन तास आधी आत जाते, शेवटचा चेंडू झाल्यावर अर्धा तास जागेवरून उठत नाही, लेकीचा हात सोडत नाही, आणि फुकट प्रवेशाच्या मिरवणुकीला जात नाही. तुम्हीही जाऊ नका.

पहिल्यांदा रणजी बघायला यायचं आहे. काय आणू?

रणजीला बहुधा तिकीट नसतं. टोपी आणा. हिवाळ्यात सकाळी गारठा असतो, शाल आणा, अकरानंतर ती मांडीवर ठेवावी लागेल. बॅग छोटी ठेवा, आत काय नेऊ देतात ते त्या दिवशीच्या बंदोबस्तावर असतं. पोहे खाऊन या. पहिला तास कंटाळा येईल, उठू नका. चेंडू जुना व्हायला लागला की क्षेत्ररक्षक कुठून कुठे सरकतात ते बघा. मी बहुतेक वेळा साइटस्क्रीनच्या, म्हणजे गोलंदाजामागच्या मोठ्या पडद्याच्या, बाजूला सावलीत असते, मांडीवर लांबट वही असलेली बाई. शेजारी लेक असली तर एम कसा जोडायचा ते तिला विचारा. पेन्सिली आम्ही दोन जास्तीच्या आणतो.